बेडसोर: सगळं माहीत असून पेशंटची पाठ बघायची का राहते?

सत्तरीची_सिस्टर · ११ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बेडसोरबद्दल, म्हणजे अंथरुणात एकाच जागी पडून राहिल्यानं पेशंटला होणाऱ्या जखमेबद्दल, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज ड्युटीवरून आले तरी डोक्यातून जात नाही म्हणून बसलेच. मी २२ वर्षं स्टाफ नर्स आहे, आधी मेडिसिन, मग ऑर्थो, परत मेडिसिन, सगळी नोकरी गोव्यातच. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्या एका हॉस्पिटलचं नाहीच.

गेल्या आठवड्यात एक आजोबा दुसरीकडून आमच्याकडे शिफ्ट होऊन आले. खुब्याचं हाड मोडलेलं, वय ८० च्या वर, पायाला ट्रॅक्शन, म्हणजे वजन बांधून ओढ दिलेली. सोबत आलेल्या सिस्टरनं हँडओव्हर एकदम नीट दिला, बीपी, शुगर, युरिन किती, अँटिबायोटिकचा कितवा डोस, काही म्हणजे काही सोडलं नाही. मी विचारलं पाठ कशी आहे, तर ती गोंधळली, म्हणाली पाठीचं मला कोणी काही सांगितलं नाही. आम्ही दोघींनी मिळून त्यांना अलगद एका अंगावर केलं. माकडहाडावर तळहाताएवढा डाग, पिकलेल्या जांभळाचा असतो तसा रंग, कातडी कुठे फाटलेली नाही, पाणी येत नाही, पण बोट लावलं की आजूबाजूपेक्षा मऊ आणि गरम. आजोबा म्हणाले, "तीन दीस सांगतां बाय, फाट जळटा म्हूण." (पाठ जळते म्हणून.)

तीन दिवस ते सांगत होते. चौथ्या दिवशी आमच्याकडे तो डाग फुटला. बाहेरून पाच रुपयाच्या नाण्याएवढं तोंड, आत चारी बाजूंनी पोकळ. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बेडसोर नेहमी वरून आत जातो असं नाही, हाड आणि गादी यांच्या मधे मांस चेपतं, रक्त पोचत नाही आणि हाडाला लागून असलेला भाग आधी मरतो, वरची कातडी ते उशिरा सांगते. म्हणून जांभळा डाग दिसला की समजायचं, आत काम होऊन गेलंय.

आता मला जे बोलायचंय ते. त्या सिस्टरला बेडसोर म्हणजे काय हे माहीत नव्हतं का? होतं. परीक्षेला लिहिलं असेल, चारही स्टेज पाठ असतील. पण पाठ बघणं हे आपलं काम आहे, बीपी बघण्याइतकंच, हे तिच्या मनात नव्हतं. ती मुलगी वाईट नाही हो, आम्ही सीनियर लोकांनी तिला कधी विचारलंच नाही की पाठ बघितलीस का. जे आपण विचारतो तेच पुढची पोर बघते.

बेल्जियममध्ये २०११ साली एक अभ्यास छापून आला होता, १४ हॉस्पिटलं, ५५३ नर्सेस. माहितीच्या परीक्षेत सरासरी ५० टक्केसुद्धा मार्क पडले नव्हते, पण मला लागलं ते पुढचं: ज्या वॉर्डात नर्सेसना याबद्दल मनापासून वाटत होतं तिथल्या पेशंटना प्रतिबंधाची काळजी जास्त नीट मिळत होती, आणि नुसते माहितीचे मार्क जास्त असण्याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे क्लास घेऊन सह्या घेतल्या की झालं असं नाही.

तुम्ही नर्स असाल, नातेवाईक असाल, जे बघितलंय ते लिहा.

डिचोलीकर · ११ जुलै, रात्री ११:२५

ताई, हात थरथरतोय लिहिताना. बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला तेव्हा १९ दिवस ऍडमिट होते, कुठे ते लिहीत नाही. ट्रीटमेंट चांगली झाली, डॉक्टर चांगले, जीव वाचला. पण घरी आणल्यावर पहिल्या दिवशी आईनं अंग पुसायला वळवलं आणि ओरडलीच, पाठीला खड्डा आणि वास. डिस्चार्ज पेपरवर त्याचं एक अक्षर नाही. मी वॉर्डात एकदा सिस्टरना म्हटलेलं की बाबांना कुशीवर करूया का, तर म्हणाल्या मावशीला (वॉर्डातल्या मदतनीस बाईला) सांगा, मावशी म्हणाली माणूस जड आहे, तुम्ही दोघं जण या मग बघू. मी एकटाच होतो, भाऊ दुबईला. तेव्हा मला वाटलं एवढं महत्त्वाचं असतं तर त्यांनीच केलं असतं ना. सात महिने ड्रेसिंग चाललं. आई आजपण म्हणते आपलंच लक्ष नव्हतं. तिचं कसं लक्ष असणार, तिला कोणी सांगितलंच नव्हतं काय बघायचं ते.

सत्तरीची_सिस्टर · ११ जुलै, रात्री ११:५२

दादा, आईंना सांगा की त्यांची चूक नाही, एक नर्स सांगतेय म्हणून सांगा. अर्धांगवायूत त्या बाजूला दुखल्याचं कळत नाही, हलता येत नाही, कपडे ओले होतात, म्हणजे पहिल्याच दिवशी आम्हाला कळायला हवं होतं की या पेशंटला धोका आहे. आणि "मावशीला सांगा" हे वाक्य मी पण तरुणपणी बोलले आहे. मावशी वळवायला मदत करेल, पण वळवल्यावर काय दिसलं ते बघून लिहायचं काम सिस्टरचंच.

पहिली_पोस्टिंग · १२ जुलै, सकाळी ७:१०

नाईट संपवून बसमध्ये बसून लिहितेय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. मॅडम तुमचं सगळं पटतं पण थोडं आमच्या बाजूनं पण बघा ना, मला नोकरी लागून ९ महिने झाले, काल रात्री आम्ही दोघी आणि पेशंट ३१, त्यात दोन नवीन ऍडमिशन, एकाला रक्त चालू, एकजण सारखा आयव्ही उपटतोय, त्यात दर दोन तासांनी कोणाकोणाला वळवणार, एका जड पेशंटला वळवायला दोघी लागतात आणि दोघी तिथे गेलो की बाकी वॉर्ड रिकामा. इंडियन नर्सिंग काउन्सिलचं कागदावर टीचिंग हॉस्पिटलला ३ पेशंटमागे एक आणि बाकी ठिकाणी ५ मागे एक असं आहे, ते कुठे आणि आम्ही कुठे. मग कोणी म्हणालं की नर्सेसचा ऍटिट्यूड बरोबर नाही तर खूप लागतं. मला वाटतं ना त्या आजीआजोबांबद्दल, सकाळी चादर बदलताना लाल दिसलं की रडायला येतं.

सत्तरीची_सिस्टर · १२ जुलै, दुपारी ३:०५

बाळा, तुला लागलं असेल तर माझी लिहिण्यात चूक. माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं आणि ते वर लिहून कळवलंच पाहिजे, तोंडी नाही, रजिस्टरला, तारखेसकट, आज इतके पेशंट आणि इतक्या जणी म्हणून.

पण तुझ्या ३१ मधल्या सगळ्यांना वळवायचं नसतं गं. जो स्वतः उठून बाथरूमला जातो त्याला नाहीच. ब्रेडन स्केल, बेडसोरचा धोका मोजायचं, शिकलीस ना? बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघी नर्सेसनीच बनवलेलं आहे ते, १९८७ मध्ये छापून आलं. सहा गोष्टी बघायच्या: दुखलं खुपलं कळतं का, अंग ओलं राहतं का, चालतो फिरतो का, अंथरुणात स्वतः हलतो का, खातो किती, आणि गादीवर घसटतो का. ६ ते २३ मार्क, जितके कमी तितका धोका, १८ किंवा खाली आला की सावध. एका पेशंटला दोन मिनिटं पण लागत नाहीत. माझ्या अनुभवात जनरल वॉर्डात खरंच जोखमीचे निघतात ते पाच-सहा. त्या पाच-सहांवर तुमच्या दोघींची ताकद लावा.

दुसरं, दोन तासाचं. गादी साधी असेल तर दोन तास धरूनच चला. पण चांगल्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवून अमेरिका आणि कॅनडाच्या नर्सिंग होममध्ये तुलना केली होती, २०१३ ला आलं ते, त्या म्हाताऱ्या माणसांत फरक दिसला नाही. म्हणजे गाद्या चांगल्या मागणं हा पण मनुष्यबळाचाच प्रश्न आहे, इंचार्जला असं समजावून सांगा. आमच्याकडे कापूस गोळा झालेल्या गाद्या होत्या तेव्हा मी हाताने दाबून दाखवलं होतं, खालची लोखंडी पट्टी लागत होती बोटाला.

आणि तू रडतेस यातच सगळं आलं. ते जाऊ देऊ नको.

फिजिओ_फोंडा · १२ जुलै, सायंकाळी ६:३०

एक गोष्ट वॉर्डात रोज बघतो ती सांगतो. पेशंटला जेवायला म्हणून बेडचं डोकं वर करतात, अगदी ६०-७० पर्यंत, आणि जेवण होऊन दोन तास झाले तरी तसंच. मग तो हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळल्या जातात, त्यामुळे नुसत्या वजनापेक्षा जास्त नुकसान होतं. जेवून थोडा वेळ झाला की डोकं ३० अंशांवर किंवा त्याच्या खाली आणायचं (डॉक्टरनी वेगळं सांगितलं नसेल तर, नाकातून नळीनं फीड चालू असेल त्यांचं वेगळं असतं). गुडघ्याखाली थोडा उंचवटा दिला की घसरत नाही.

आणि वर ओढताना काखेत हात घालून ओढू नका प्लीज. ड्रॉ शीट (पेशंटच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर) दोन बाजूंनी दोघांनी धरायची, उचलायची, मग सरकवायची. ओढलं की पाठीची सालं निघतात.

कुशीवर पण पूर्ण ९० अंश नको, सगळं वजन खुब्याच्या टोकावर येतं. पाठीमागे उशी खोचून ३० अंश कलतं ठेवायचं, हात घालून बघा माकडहाड गादीपासून सुटलं की नाही.

जुनी_ट्यूटर · १२ जुलै, रात्री ९:१५

मी नर्सिंग शिकवायचे, आता रिटायर. आमच्या काळी बॅक केअर म्हणजे काय होतं ते सांगते, साबणानं पाठ धुवायची, मग स्पिरिट लावून चोळायची, हाडांच्या जागी जास्त चोळायची, वर पावडर. प्रॅक्टिकलला मी त्याचेच मार्क दिले आहेत, कितीतरी बॅचेसना. आज सांगतात की लाल झालेल्या हाडावर चोळायचं नाही, आतल्या नाजूक झालेल्या मांसाला आणखी इजा होते, आणि स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. मी शिकवलेल्या मुली आज इंचार्ज आहेत आणि त्या ते तसंच पुढे देत असतील, हे मला खरंच टोचतं, म्हणून जिथे संधी मिळते तिथे सांगते. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह, बसायला हवा भरलेली रिंग, ही पण सोडायची. रिंगमध्ये मधला भाग लोंबतो आणि कडेनं रक्त अडतं.

ऍटिट्यूडबद्दल माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १६० वर्षांपूर्वी म्हटलं होतं की पेशंटला बेडसोर झाला तर तो बहुधा आजाराचा नाही, शुश्रूषेचा दोष. ते वाक्य आम्ही मुलींना अभिमानानं शिकवायचो. पण त्याचा वापर मेमो द्यायला झाला. बेडसोर दिसला की पहिला प्रश्न "कोणाच्या ड्युटीत?" मग मुली लिहायच्याच बंद झाल्या. लाल दिसलं तर गप्प बसायचं, पुढच्या ड्युटीत दिसेल. आता एनएबीएचसाठी (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) बेडसोरचा आकडा ठेवावा लागतो, चांगलं आहे, पण तो आकडा शून्य दाखवायचा दबाव आला की परत तेच. लाल असताना जिने लिहिलं तिला शाबासकी मिळायला हवी, कारण लाल असताना तो परत जातो, फुटल्यावर महिने जातात. आणि शेवटच्या अवस्थेतल्या काही पेशंटना सगळं करूनही होतो, हे पण नातेवाइकांना आधीच बसवून सांगायला हवं.

आयसीयू_नाईट · १३ जुलै, पहाटे ४:२०

जुनी_ट्यूटर मॅडम, मेमोचं अगदी खरं. आमच्याकडे नवीन इंचार्ज आल्यापासून ऍडमिशनला डोक्यापासून टाचेपर्यंत दोघी मिळून बघतात आणि चित्रावर खूण करून दोघी सही करतात, तेव्हापासून "आला तेव्हाच होता" आणि "तुमच्याकडे झाला" ही भांडणं बंद झाली, खरं सांगायचं तर भीती गेली तेव्हाच आम्ही नीट बघायला लागलो.

आयसीयूवाल्यांसाठी एक, फक्त पाठ बघून चालत नाही. ऑक्सिजनच्या नळीनं कानामागे, मास्कनं नाकाच्या हाडावर, राइल्स ट्यूबनं (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकपुडीला, ईटी ट्यूबच्या (तोंडातून घातलेली श्वासाची नळी) पट्टीनं ओठाच्या कोपऱ्यात, सॅच्युरेशनच्या प्रोबनं बोटाला. कोविडमध्ये पालथं झोपवायचो तेव्हा गालाला आणि हनुवटीला झालेले बघितलेत. नळी थोडी हलवून लावा, खाली पातळ फोम द्या, दर शिफ्टला काढून खाली बघा. डोक्याच्या मागचा भाग पण, केसात दिसत नाही, बोटांनी चाचपायचा.

पेडण्याची_सून · १३ जुलै, सकाळी ११:३०

मी नर्स वगैरे नाही, धागा वाचून घाबरले म्हणून लिहिते. सासूबाई ७६, मे महिन्यात स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, घरीच आहेत. आम्ही रिंग आणली आहे बसायला, आणि मी रोज पाठीला बेबी पावडर लावते आणि लाल दिसेल तिथे खोबरेल तेलानं चोळते. हे सगळं चूक का? पावसाचे दिवस, चादरी वाळत नाहीत, डायपर दिवसातून दोनदा बदलते. जेवण म्हणजे सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी थोडं शीत आणि कढी, रात्री परत पेज. मासे नको म्हणतात, काट्याची भीती. आणि त्या सावळ्या आहेत, लाल कसं ओळखायचं?

सत्तरीची_सिस्टर · १३ जुलै, दुपारी २:४५

वहिनी, घाबरू नका, तुम्ही विचारताय म्हणजे निम्मं काम झालं. एकेक सांगते.

रिंग काढा. पावडर बंद, घामात ती गोळा होते आणि घासते. तेल हलक्या हातानं चालेल, आधी कातडी पूर्ण टिपून कोरडी करा, पुसू नका, टिपा, पण लाल जागी चोळणं अजिबात नाही. डायपर ओला झाला की बदला, दोनदा कमी पडतं. आणि खाली प्लास्टिक किंवा मॅकिंटॉश (रबरी शीट) असेल तर वर सुती चादर सपाट घाला, सुरकुती पण टोचते.

जेवणात जोर नाही. पेज चांगली, पण त्यात जास्त पाणीच. जखम होऊ नये म्हणून अंगाला प्रोटीन लागतं, धोका असलेल्या माणसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम दिवसाला. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. बांगडा उकडून काटे काढून कुस्करून पेजेत घाला, मुगाचं घट्ट वरण, तिजाणात (नाचणीच्या पेजेत) दूध. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरना विचारा. आणि घोट घोट द्या, स्ट्रोकमध्ये ठसका लागतो.

लाल ओळखायचं कसं: बोटानं तीन सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं पडून परत रंग आला तर ठीक, कूस बदला. दाबून पण तसंच राहिलं तर ती पहिली स्टेज. सावळ्या अंगावर पांढरं पडलेलं दिसत नाही, तिथे रंगावर जाऊ नका, हाताच्या पाठीनं बघा, शेजारच्यापेक्षा गरम किंवा गार लागतं का, कडक किंवा पिलपिलीत लागतं का, हात लावला की त्या तोंड वाकडं करतात का. दिवसाच्या उजेडात बघा. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडं.

आता जाऊन बघाल? मी तासभर ऑनलाइन आहे.

पेडण्याची_सून · १३ जुलै, दुपारी ३:२०

बघून आले. पाठीला काळसर आहे पण मऊ किंवा गरम नाही, खुब्याला काही नाही. उजव्या टाचेला मागे एक जागा गरम लागते, बाकीच्यापेक्षा कडक पण आहे, दुसऱ्या टाचेला तसं नाही. त्यांना काही कळत नाही त्या पायाचं, दाबलं तरी काही बोलल्या नाहीत. मी ती टाच कधी बघितलीच नव्हती, पायमोजे घालून ठेवते ना थंडी लागते म्हणून.

सत्तरीची_सिस्टर · १३ जुलै, दुपारी ३:२८

बरं झालं आज बघितलीत. मोजा काढा. एक उशी लांबीत घ्या आणि पोटरीखाली ठेवा, गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत, गुडघा किंचित वाकलेला राहू दे आणि टाच हवेत. टाचेखालून कागद आरपार सरकला पाहिजे, कुठेही अडकता नये. चोळू नका, काही लावू नका. कूस बदलाल तेव्हा दर वेळी उशी परत नीट करा, रात्री पण. कातडीचा रंग जांभळा झाला किंवा फोड आला तर थांबू नका, त्याच दिवशी हेल्थ सेंटरला दाखवा, साखर असेल तर आजच सांगा मला. उद्या सकाळी उजेडात परत दोन्ही टाचा हात लावून बघा आणि इथे लिहा.

पेडण्याची_सून · १३ जुलै, दुपारी ३:४०

साखर आहे, गोळी चालू आहे १० वर्षं.

सत्तरीची_सिस्टर · १३ जुलै, दुपारी ३:४३

मग उद्याची वाट बघू नका. उशी आत्ता लावा आणि आजच डॉक्टरना दाखवा, आणता येत नसतील तर हेल्थ सेंटरला फोन करून घरी कोणी येईल का विचारा. जाताना गाडीत पण टाच टेकू देऊ नका.